घाबरट तांडेलाच्या वतीने

मराठी कथाकादंबरीत नाव बुडवायची असली की लेखक वादळ बोलावतो. आभाळ काळवंडते, वीज कडाडते, शीड टराटरा फाटते आणि नायक सुकाणूला मिठी मारून उभा राहतो. चित्र मोठे देखणे असते आणि दिवाळी अंकात तर ते फारच शोभून दिसते. पण ज्याचे पोट पाण्यावर आहे अशा कोकणातल्या एखाद्या तांडेलाला ते दाखवा. तो क्षणभर पाहील आणि विचारील, "पण असल्या दिवशी होडी काढलीच कुनी?"

खाडीच्या माणसाला धास्ती वाटते ती निराळ्याच जागेची. ऊन पडलेले असते, पाणी शांत असते, दोन्ही काठांवरची तिवरे हाताला लागतील इतकी जवळ असतात, आणि पुढे खाडी वळलेली असते. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. तेथे समोरून दुसरी होडी येत असेल, कालच्या उधाणाने वाळूचा नवा उंचवटा आणून टाकला असेल, कोणी जाळ्यासाठी खुंट रोवले असतील. अशा जागी शहाणा तांडेल इंजिनाचा आवाज खाली आणतो, उभा राहून पाण्याकडे पाहतो आणि मग पुढे सरकतो. नेमक्या त्याच वेळी होडीतून आवाज येतो, "काय हो, पेट्रोल संपले की काय?" दुसरा म्हणतो, "घाबरट दिसतोय!" आणि सगळे हसतात.

या हसण्याविरुद्ध मला लिहायचे आहे. वळणावर हळू जाणारा, थांबणारा, प्रसंगी "आज नाही" म्हणणारा तांडेल घाबरट नसतो. उतावळे असतो ते आपण, होडीत बसलेले उतारू. अरुंद पाण्यातला अपघात पुष्कळदा आधी धक्क्यावर घडतो, आपल्या तोंडून घडतो. पाण्यात तो नंतर दिसतो एवढेच.

हे नुसते रागाने लिहीत नाही. वळणावर होडीचे काय होते हे एकदा नीट समजून घेतले, तर हसणाऱ्याचे हसू आपोआप जिरेल.

पहिली गोष्ट अशी की, वळणावर जवळची वाट ही खरी वाट नसते. पाणी वळते तेव्हा त्याचा जोर बाहेरच्या काठावर पडतो. तो काठ खणला जातो, तेथे खोली वाढते. आतल्या काठाशी पाणी मंदावते आणि हातातली वाळू खाली ठेवते. म्हणून बाहेरची बाजू खोल आणि धावती, आतली बाजू उथळ आणि निवांत. उतारूला आतली बाजू सरळ, सोयीची व जवळची दिसते. तांडेल लांबचा वळसा घालतो तेव्हा त्याला वाटते, हा उगीच वेळ काढतो आहे. "उथळ पाण्याला खळखळाट फार" ही म्हण आपण माणसांना लावतो. तांडेल ती पाण्यालाच लावतो. कोठे बारीक लहरी उठतात, कोठे पाण्याचा रंग फिका पडतो, कोठे बगळा गुडघाभर पाण्यात निश्चिंत उभा आहे, हे सगळे त्याचे वाचन असते. आपल्या लेखी तो नुसता पाहत असतो.

पण बाहेरच्या काठालाही फार लगटून चालत नाही. तेथला ओघ होडीला काठावर ढकलीत असतो. म्हणजे आत वाळू आणि बाहेर खडक, यांच्या मधली एक पट्टी धरून जायचे असते, आणि ती पट्टी दर वळणाला निराळी असते.

दुसरी गोष्ट, होडी मोटारगाडीसारखी वळत नाही. गाडीचे पुढचे चाक वळले की मागचे त्याच्यामागून येते. होडीचे सुकाणू मागे असते. ते फिरवले की आधी पिछाडी बाहेर फेकली जाते आणि मग पुढचे टोक आत वळते. पुढचे टोक काठापासून चांगले दूर आहे असे पाहून जो खूश होतो, त्याची पिछाडी खडकावर आपटू शकते. म्हणून वळण येण्यापूर्वीच वळायला सुरुवात करावी लागते, आणि मागे किती पाणी मोकळे आहे हे मानेवर डोळा असल्यासारखे ठाऊक असावे लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सुकाणूला बळ मिळते ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याचे. होडी नुसती ओघाबरोबर वाहत असेल तर सुकाणूची नुसती फळी उरते. ती कितीही फिरवा, होडी ऐकत नाही. म्हणून निव्वळ हळू जाणे हेही शहाणपण नव्हे. शहाणपण हे की, वळणाशी पोचेपर्यंत वेग उतरवावा आणि वळताना इंजिनाचा नेमका रेटा द्यावा, म्हणजे सुकाणू पाणी धरते. हे ज्यांना कठीण वाटते त्यांनी कुंभार्ली घाटातल्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे पाहावे. तो वळणावर आल्यावर गिअर बदलीत नाही. आधी बदलतो, भोंगा देतो आणि मग गाडी आत घालतो. त्याला कोणी घाबरट म्हणत नाही. उलट घाट उतरल्यावर लोक म्हणतात, "हात चांगला आहे हो याचा!" हाच न्याय पाण्यावर का नसावा?

घाटातला आणखी एक रिवाज पाहा. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे जड जाते. वाहत्या पाण्यावर याच्या उलट शहाणपण लागते. ओघाबरोबर उतरणाऱ्या होडीला थांबता येत नाही. ओघाविरुद्ध चढणारीला इंजिन मंद करून जागच्या जागी तग धरता येतो. म्हणून अरुंद वळणावर गाठ पडली तर चढणाऱ्याने थांबावे आणि उतरणाऱ्याला जाऊ द्यावे. तांडेल वळणाखाली होडी रोखून उभा राहतो तेव्हा तो असाच कोणाला तरी वाट देत असतो.

आता दिवाळीच्या सुट्टीकडे येऊ, कारण हा अंक हातात घेऊन पुष्कळ कुटुंबे तारकर्लीला, दाभोळला, गुहागरला किंवा आजोळच्या कोणत्या तरी खाडीवर जाणार आहेत. बहीणभाऊ, जावई, नातवंडे अशी पंधरा-वीस माणसे एकत्र जमली की कोणाच्या तरी मनात होडीतून फिरून येण्याची कल्पना निघतेच. निघावी. पाण्यावर गेल्यावाचून कोकण कळत नाही. पण निघण्यापूर्वी घरातल्या कालनिर्णयाकडे एक नजर टाकावी.

भरतीची वेळ काढण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी. अमावास्या म्हणजे पंधरा. त्याची पाऊणपट सव्वा अकरा. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असेल तर दुपारी व रात्री साधारण सव्वा अकराच्या सुमारास भरती. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. हिशेब ढोबळ आहे, खाडीत आत जावे तशी वेळ पुढे सरकते, पण उतारूला पुरेसा आहे. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरती लागते.

आता पाहा, भाऊबीजेच्या दिवशी जेवण आटोपून दीड-दोनला मंडळी होडीत बसली. खाडी तुडुंब भरलेली. होडी तिवरांच्या आत, शेवटच्या वळणापर्यंत आरामात गेली. तेथे देऊळ पाहिले, कोणाच्या ओळखीचे घर निघाले, चहा झाला, फराळ झाला. तांडेल दोनदा सांगून गेला, "चला, पाणी उतरते आहे." मंडळी म्हणाली, "आलो, आलो." निघायला साडेसहा वाजले. अमावास्येच्या आसपासचे दिवस उधाणाचे. भरती जितकी वर चढते तितकी ओहोटी खाली जाते. येताना जी वाट होती ती जाताना उरलेलीच नसते. दुपारी जेथे दोन पुरुष पाणी होते तेथे चिखल उघडा पडलेला, वळणावर फक्त एक चिंचोळी पन्हळ राहिलेली, सूर्य बुडालेला. अशा वेळी होडी रुतली तर ती कोणाच्या चुकीने रुतली?

म्हणून जाणता तांडेल शक्यतो चढत्या पाण्यावर आत शिरतो. चढत्या पाण्यात होडी वाळूला लागली तरी थोड्या वेळाने पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात लागली तर ती पुढली भरती येईपर्यंत तेथेच. पाण्याचे हे वेळापत्रक पाळणाऱ्या माणसाला आपण "अडवणूक करतो" म्हणतो. आणि एरवी एक मिनिट उशिरा सुटलेल्या रेल्वेविरुद्ध तक्रार करणारे आपणच!

माझे हे म्हणणे ऐकून एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "मास्तर, तुमचा काळ गेला. आता इंजिने दांडगी आली, मोबाइलवर नकाशे आले. वळणाचे एवढे काय घेऊन बसलात?"

दांडग्या इंजिनाचे उत्तर जगाने २०२१ साली पाहिले आहे. २३ मार्चला 'एव्हर गिव्हन' नावाचे सुमारे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझच्या कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस जगाचा व्यापार अडवून बसले. त्याच्यावर यंत्रांची वाण नव्हती, वाटाडे होते, आणि खलाशी आपलेच, भारतातले, अनुभवी. वारा जोराचा होता हे खरे. पण त्याच्या वाटचालीची जी नोंद जगजाहीर झाली तीत कालव्याच्या मर्यादेपेक्षा वेग जास्त दिसतो. वाऱ्यात सुकाणूला बळ यावे म्हणून वेग वाढवावा, तर अरुंद पाण्यात वेगच वैरी होतो. जहाज आणि काठ यांच्या मध्ये कोंडलेले पाणी जोरात धावू लागते, तेथला दाब उतरतो आणि पिछाडी काठाकडे ओढली जाते. पुढचे टोक समोरच्या काठाकडे फेकले जाते. त्यातच उथळ पाण्यात वेगाने जाणारे जहाज अधिक खाली बसते. इतक्या मोठ्या जहाजाला जे झाले ते आपल्या होडीला होणार नाही असे समजणे म्हणजे हत्ती रुतला त्या चिखलात शेळी नाचवणे होय.

आणि त्याला सोडवले कोणी? ओढणाऱ्या बोटींनी आणि वाळू उपसणाऱ्या यंत्रांनी मोठी शिकस्त केली, यात शंका नाही. पण त्यांच्या मदतीला आले ते पौर्णिमेचे उधाण. आपल्याकडे २८ मार्चला होळी पेटली होती. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, ते जहाज सुटले. एवढ्या मोठ्या जहाजालाही शेवटी तिथीची वाट पाहावी लागली! मग आमच्या तांडेलाने तिथी पाहिली तर तो मागासलेला कसा?

नकाशाचे म्हणाल, तर नकाशा चांगलाच. पण खाडी रोज नवी असते. पावसाळ्यात डोंगराची माती खाली येते, उधाण वाळू इकडची तिकडे करते, आणि माणूसही स्वस्थ बसत नाही. खाड्याखाड्यांतून वाळूचा उपसा चालतो; आज उंचवटा होता तेथे उद्या खड्डा, खड्डा होता तेथे गाळ. एके काळी ज्या राजापुरापर्यंत मोठी गलबते माल घेऊन येत, तेथली खाडी गाळाने किती भरली हे सर्वांना ठाऊक आहे. गेल्या वर्षीचा नकाशा गेल्या वर्षीच्या खाडीचा असतो. आजची खाडी ठाऊक असते ती ज्याने आज पहाटे बांबू टाकून पाणी पाहिले त्याला.

हे ज्ञान कमीपणाचे नाही. ते आपल्या इतिहासाचे बळ आहे. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते उथळ बुडाची होती. ती खाड्यांत शिरत, वळणाआड जात, आणि जड बुडाची परदेशी जहाजे बाहेर ताटकळत. वाघोटनच्या खाडीच्या तोंडावर विजयदुर्ग उभा केला तो देखाव्यासाठी नव्हे. १७५६ साली तो इंग्रजांनी घेतला, ही दुःखाची गोष्ट निराळी. पण त्याआधी पुष्कळ वर्षे आपल्या आरमाराचे सामर्थ्य जितके तोफांत होते तितकेच ते कोठे किती पाणी आहे या माहितीत होते. आंग्र्यांच्या तांडेलांना कोणी घाबरट म्हटल्याचे मी वाचलेले नाही. त्याच किनाऱ्यावरच्या, तीच विद्या जाणणाऱ्या माणसाला आपण मात्र पाचशे रुपयांच्या जोरावर घाबरट म्हणतो.

ही विद्या न मानल्याची किंमत किती असते? जी गोदावरी आमच्या त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते, ती आंध्रात पापिकोंडलू डोंगरांच्या खिंडीतून जाते. तेथे पात्र आवळते, वळते, आणि पुरात मोठे भोवरे धरते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी, नदीला पूर असताना, सत्तराहून अधिक माणसांना घेऊन एक सहलीची बोट त्या वाटेने निघाली. कच्चुलूरू गावाजवळ ती उलटली. निम्म्याहून अधिक माणसे परत आली नाहीत. बोट इतकी खोल गेली की ती वर काढायला पाच आठवडे लागले, आणि ती काढली अखेर त्याच गोदावरीच्या मुलखातल्या, त्या पाण्याची नस जाणणाऱ्या माणसांनी. बुडालेली बोट काढायला जी माणसे लागली, त्यांच्यासारख्यांनाच निघण्यापूर्वी विचारले असते की, या पुरात या वळणातून जावे काय, तर? त्या बोटीतली माणसे आपल्यासारखीच होती. रविवार होता, सहल होती, पैसे भरलेले होते.

"पैसे भरलेले आहेत" हे वाक्य मी आणखी एकदा ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी एका धक्क्यावर मी तरीची वाट पाहत होतो. एका शाळेची सहल आली होती, चाळीसएक मुले. होडीत वीस जणांची सोय. तांडेल म्हणाला, "गुरुजी, दोन खेपा करू. आनि आतल्या वळनापर्यंत नको. पानी उतरतंय." बरोबरचे एक पुढारी गृहस्थ म्हणाले, "दोन खेपांना वेळ कुठला? पुढे देऊळ आहे, जेवण सांगितलेले आहे, सगळ्यांचे पैसे भरलेत. तुम्हांला जमत नसेल तर तसे सांगा." मी शाळामास्तर म्हणून मध्ये पडलो. मला उत्तर मिळाले, "आपण आपली तर पाहा." दुसरा होडीवाला मिळाला. सगळी मुले एकाच खेपेत बसली, गाणी म्हणत गेली आणि गाणी म्हणतच सुखरूप परत आली. उतरल्यावर त्या गृहस्थांनी पहिल्या तांडेलाला मुद्दाम गाठून विचारले, "काय हो, बुडालो का आम्ही?" तो काही बोलला नाही. दोरी गुंडाळीत राहिला.

माझे सारे भांडण या एका प्रश्नाशी आहे. काही झाले नाही, यावरून काही होणार नव्हते असे सिद्ध होत नाही. दहा वेळा निभावले की अकराव्या वेळेचा धोका कमी होत नाही. फक्त आपला निर्ढावलेपणा वाढतो. आणि त्या दिवशी ती चाळीस मुले काय शिकली? शाळेत आम्ही फळ्यावर सुविचार लिहितो, "घाई तेथे घोटाळा". धक्क्यावर त्यांनी प्रत्यक्ष पाहिले की सावध माणसाचे गिऱ्हाईक जाते, बेपर्वा माणसाला पैसे मिळतात आणि मोठी माणसे सावध माणसाला हसतात. कोणता धडा त्यांच्या लक्षात राहील?

दरवेळी गाणी म्हणत परतणे होत नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची होडी उलटली आणि तीन मुली गेल्या. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बडोद्याच्या होडीत तिच्या सोयीपेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि पुष्कळांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. तेथे ना अरुंद खाडी होती, ना अवघड वळण. मोकळ्या, स्थिर पाण्यात जो भार होडीला झेपत नाही, तो वळणावर कसा झेपेल? वळताना होडी कलते. कललेल्या होडीत माणसे उभी राहिली, किंवा वाशिष्ठीच्या काठावर मगर दिसली म्हणून सगळी मंडळी एकाच अंगाला धावली, की तांडेलाच्या हातात काही उरत नाही.

कोणी म्हणेल, हे सरकारने पाहावे. सरकारने अवश्य पाहावे. नियम नाहीत असे मुळीच नाही. देशातल्या अंतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ सालचा जुना कायदा होता. त्याच्या जागी २०२१ साली नवा आला. नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याचा दाखला, सगळे त्यात आहे. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू आहेत. त्यांतला अरुंद वाटेचा नियम कोणत्याही तांडेलाला ओळखीचा वाटेल. अरुंद पाण्यात आपल्या उजव्या अंगाच्या कडेला, जितके सुरक्षितपणे जाता येईल तितके, धरून जावे. रस्त्यावर आपण डावीकडून जातो, पाण्यावर उजवीकडून. पुढचे दिसत नाही अशा वळणाशी विशेष जपून जावे. तेथे चार ते सहा सेकंदांचा एक लांब भोंगा द्यावा आणि वळणापलीकडे ज्याला तो ऐकू येईल त्याने तसाच भोंगा देऊन उत्तर द्यावे. अरुंद वाटेत होता होईल तो नांगर टाकू नये. ज्या मोठ्या जहाजाला त्या वाटेवाचून दुसरी वाट नाही त्याला लहान होडीने आडवे जाऊ नये. वेग एवढाच ठेवावा की वेळेवर थांबता येईल. म्हणजे जगातल्या दर्यावर्दी देशांनी मिळून जे कागदावर उतरवले, ते आमचा घाबरट तांडेल न वाचता पाळतो, आणि आम्ही वाचणारे लोक त्याला ते मोडायला लावतो.

सरकारचा माणूस दर वळणावर उभा राहू शकत नाही. दर वळणावर असतो तो उतारू. तांडेल गरीब असतो. हंगाम चार महिन्यांचा. कर्ज काढून होडी घेतलेली. समोर वीस गिऱ्हाइके पैसे घेऊन उभी आहेत आणि शेजारचा "चला, मी नेतो" म्हणून हाका मारतो आहे. अशा वेळी "नाही" म्हणायला छाती लागते. वादळात सुकाणू धरण्यापेक्षा मोठी छाती लागते, कारण वादळातला माणूस नंतर गोष्टीचा नायक होतो, आणि "नाही" म्हणणाऱ्याच्या वाट्याला उपासमार आणि हसे येते.

तेव्हा या सुट्टीत आपण एवढे करू या. होडीत पाय ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे: होडी किती माणसांची, प्रत्येकाला जॅकेट आहे काय, आणि परतताना पाणी कसे असेल. उत्तर आवडले नाही तरी मानावे. जॅकेट आधी घरातल्या कर्त्या पुरुषाने घालावे, म्हणजे मुले निमूट घालतात. मुलांना मधे बसवावे आणि वळण येताच सर्वांनी बसून राहावे, मगर दिसो की मोर. तांडेलाने "चला" म्हटले की चहाचा अर्धा पेला ठेवून उठावे. आणि तो वळणाशी इंजिन मंद करील तेव्हा, कृपा करून, गप्प राहावे. त्या क्षणी तो पाणी वाचत असतो. वाचणाऱ्या माणसाशी बोलू नये हे निदान दिवाळी अंकाच्या वाचकांना तरी सांगायला नको.

आणखी एक. दिवाळीत आपण पोस्टमनला, दूधवाल्याला, कचरा नेणाऱ्याला पोस्त देतो. ज्यांनी वर्षभर आपले काम केले त्यांना ते देतो. पण या वर्षी एखाद्या धक्क्यावर एखादा तांडेल तुमच्या पंधरा माणसांकडे पाहील, उतरत्या पाण्याकडे पाहील आणि म्हणेल, "आज नको, उद्या सकाळी या." त्याच्यावर रागावू नका, शेजारच्या होडीकडे वळू नका. त्याने तुमचे काम केलेले आहे. पाकीट काढा आणि पहिले पोस्त त्याच्या हातावर ठेवा.